बॅलार्ड पिअर ते काळा घोडा : वंशसंहारातून वाचलेल्यांच्या मुंबईची एक पदफेरी

दरवर्षी ९ डिसेंबर हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या वतीने वंशसंहारात बळी गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळला जातो, कारण १९४८ साली याच दिवशी पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी करार संमत झाला. मुंबईत या तारखेची फारशी कोणाला आठवण नसते. तीस वर्षे गिरगावातल्या मराठी शाळेत इतिहास शिकवूनही मी वर्गात ती कधी सांगितली नव्हती, आणि ही गोष्ट आता मला बोचते. म्हणूनच या तारखेला लागून आलेल्या रविवारी फोर्ट भागात एक मराठी पदफेरी निघणार असल्याचे कळताच मी माझी आणि महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीची नावे नोंदवली. त्या फेरीचे हे परीक्षण आहे.

फेरीचे शुल्क माणशी सहाशे रुपये, वेळ सकाळी साडेसात ते अकरा, आणि तुकडी अठरा जणांची होती. ती चार-पाच तरुणांचा एक लहानसा गट चालवतो. गटाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही दोष स्पष्टपणे मांडायचे आहेत आणि ते दुरुस्त करण्याची त्यांची तयारी मी स्वतः पाहिली आहे.

सुरुवात बॅलार्ड इस्टेटमध्ये होते, आणि ही निवड अतिशय योग्य आहे. रविवारी सकाळी त्या भागात एरवीची कचेऱ्यांची लगबग नसते, इमारतींच्या दगडी कमानींखाली सावली असते, आणि बोलणाऱ्याचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय पोहोचतो. आमच्या मार्गदर्शिकेने, पंचविशीतल्या एका मुलीने, बंदराच्या दिशेने तोंड करून आम्हांला उभे केले आणि एक जुना जलमार्ग नकाशावर दाखवला : त्रिएस्त, सुएझ, मुंबई, कोलंबो, शांघाय. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेल्यानंतर जी कुटुंबे मिळेल त्या वाटेने बाहेर पडली, त्यांतील हजारो इटालियन बोटींनी या मार्गाने शांघायकडे गेली, कारण तेथे उतरायला परवाना लागत नव्हता. मुंबई त्यांच्या दृष्टीने वाटेतले बंदर होते. येथे उतरू द्यावे असे ज्यांना वाटे, त्यांना नोकरीचा कागद किंवा त्यांच्या निर्वाहाची हमी घेणारा कोणीतरी दाखवावा लागे. १९३४ साली मुंबईतल्या ज्यूंनी स्थापन केलेली ज्युईश रिलीफ असोसिएशन ही संस्था अशा लोकांसाठी धावपळ करत होती. हमी मिळाली तर मुंबई आणि न मिळाली तर पुन्हा बोट, इतका साधा आणि इतका निष्ठुर हा हिशेब होता, आणि तो मार्गदर्शिकेने आवाज न चढवता सांगितला.

त्याहून अधिक परिणामकारक होता तो पुढचा भाग. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले आणि जर्मन पारपत्र असलेले पुरुष ब्रिटिश सरकारच्या लेखी एका रात्रीत ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. हिटलरपासून पळून आलेले ज्यू आणि हिटलरचा जयजयकार करणारे जर्मन व्यापारी यांना त्याच पोलिसांनी उचलले आणि अहमदनगरच्या एकाच छावणीत ठेवले. चौकशी होऊन ज्यूंपैकी अनेकांची सुटका झाली, तरी काहींची पुढची वर्षे एका बंदिस्त जागेतून दुसरीत जाण्यात गेली. मराठी माणसाला अहमदनगर म्हटले की १९४२ पासून किल्ल्यात ठेवलेले नेहरू, पटेल आणि मौलाना आझाद आठवतात. त्याच शहराच्या भिंतींना त्याआधीच्या तीन वर्षांत आणखी कोणाचा सहवास घडला होता, हे मी वर्गात शिकवले नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते.

हॉर्निमन सर्कलच्या बागेच्या कठड्याशी पोहोचल्यावर प्रत्येकाच्या हातात पोस्टकार्डाएवढे एक जाड कार्ड देण्यात आले. त्यावर पुढच्या बाजूस एक नाव, जन्माचे वर्ष, जन्मगाव आणि व्यवसाय एवढेच मराठीत छापलेले होते. मागची बाजू चिकटपट्टीने झाकलेली होती आणि ती फेरीच्या शेवटी उघडायची होती. हा प्रकार पाहून मी मनातून नाराज झाले. मृत्यूची सोडत काढल्यासारखे हे झाले, बळी गेलेल्यांच्या वाट्याला आणखी एक खेळ कशाला, असे मला वाटले, आणि ते मी भाचीला बोलूनही दाखवले. ‘आत्या, शेवटपर्यंत थांबू या’, एवढेच ती म्हणाली. मी थांबले आणि माझे मत बदलले. ते का बदलले, ते त्या कार्डांच्या जागी सांगेन.

पुढचा थांबा नगीनदास मास्तर रोडवरील आर्मेनियन चर्चचा होता. ज्या रस्त्याला जुने मुंबईकर मेडोज स्ट्रीट म्हणतात, तेथे १७९६ पासून आर्मेनियन व्यापाऱ्यांचे हे सेंट पीटर चर्च आहे. आजची वास्तू नंतरची आहे आणि तिच्यामागचा समाज मुंबईतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. आम्ही आत गेलो नाही, बाहेरच्या अरुंद पदपथावर ओळीने उभे राहिलो. येथे फेरी मुंबई सोडून १९१५ च्या इस्तंबूलला जाते. २४ एप्रिलच्या रात्री ऑटोमन सरकारने तिथल्या आर्मेनियन समाजातील कवी, संपादक, वकील आणि शिक्षक अशा दोनशेहून अधिक लोकांना अटक केली. पुढल्या महिन्यांत गावेच्या गावे रिकामी करून लोकांना सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेले गेले, आणि मृतांचा अंदाज दहा ते पंधरा लाखांपर्यंत जातो.

मार्गदर्शिकेने आकडा एकदाच सांगितला आणि लगेच कोमितास या एका माणसाकडे वळली, हे मला फार आवडले. कोमितास हा धर्मगुरू आणि संगीतकार होता. खेडोपाडी हिंडून, शेतकऱ्यांच्या तोंडची गाणी ऐकून, हजारो चाली त्याने लिहून काढल्या होत्या. त्या रात्रीच्या अटकेत तोही होता. काही आठवड्यांत त्याची सुटका झाली, तो जिवंत परतला, परंतु त्याचे मन परतले नाही. उरलेली जवळजवळ वीस वर्षे त्याने रुग्णालयांत काढली आणि १९३५ साली पॅरिसमध्ये तो वारला. ज्यांची गाणी त्याने टिपली होती, त्यांतील कित्येक गावांत ती गाणारे कोणी उरले नव्हते. ‘हा वाचला असे म्हणायचे का?’ असा प्रश्न तुकडीतल्या एका गृहस्थांनी विचारला. मार्गदर्शिकेला उत्तर सुचले नाही आणि तिने ते सुचल्याचा आवही आणला नाही.

त्या प्रश्नाने मला आपल्या भाषेकडे पाहायला लावले. मराठीत ‘वाचणे’ हे एकच क्रियापद जीव वाचण्यालाही लागते आणि अक्षरे वाचण्यालाही. दोन्हींची मुळे वेगवेगळी असतील, पण कानाला त्यांचा फरक कळत नाही. संहारातून जो वाचतो त्याच्याकडे आपण एक चमत्कार म्हणून पाहतो आणि पुढे जातो. त्याला वाचायचे, म्हणजे त्याचे पुढचे आयुष्य ओळीने समजून घ्यायचे, हे आपल्याकडून क्वचित घडते.

शब्दांच्या बाबतीत मात्र या थांब्यावर माझी तक्रार आहे. फेरीभर मार्गदर्शिका ‘हत्याकांड’ हाच शब्द वापरत होती, आणि छापील माहितीपत्रकातही तोच होता. हत्याकांड म्हटले की आपल्याला जालियनवाला बाग आठवते. तो एका दिवसाचा, एका जागेचा अत्याचार होता. राफाएल लेमकिन या पोलंडमधील ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली जो नवा शब्द घडवला, तो वेगळ्या गोष्टीसाठी होता. आर्मेनियनांच्या संहाराबद्दल जाब विचारायला जगात कायदाच नाही, हे विद्यार्थिदशेत त्याच्या ध्यानात आले होते आणि त्याचा त्याने ध्यास घेतला होता. एखादा समाज समाज म्हणून नष्ट करण्याच्या हेतूने केलेले कृत्य त्याला सांगायचे होते, आणि त्यासाठी त्याने ग्रीकमधला वंशवाचक शब्द लॅटिनमधल्या मारण्याच्या धातूला जोडला. आपला ‘वंशसंहार’ हा शब्द त्याच्या घडणीशी अंगोपांगी जुळतो. तो हाताशी असताना सैल शब्द वापरू नये. लेमकिनने स्वतःच्या कुटुंबातील एकोणपन्नास माणसे नाझींच्या हाती गमावली होती. त्याच्या खटपटीने झालेल्या करारावर भारताने १९४९ मध्ये सही केली आणि २७ ऑगस्ट १९५९ रोजी तो कायम केला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये लेमकिन वारला. फेरीत लेमकिनचे नाव दोन वाक्यांत उरकले जाते. त्याला दहा मिनिटे द्यायला हवीत, आणि ती कोठून काढता येतील हे पुढे सांगते.

चर्चकडून काळ्या घोड्याकडे चालताना एका बंद दुकानाच्या पायरीशी आम्हांला थांबवून मार्गदर्शिकेने भ्रमणध्वनीवर आकाशवाणीची संकेतधून लावली. ज्यांचे बालपण रेडिओबरोबर उजाडत असे अशा आम्हा पाच-सहा जणांचे चेहरे त्या चार सुरांनी बदलले. या धुनेचा कर्ता म्हणून वॉल्टर काउफमन याचे नाव घेतले जाते. कार्ल्सबादमध्ये १९०७ साली जन्मलेला हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आला, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागला आणि १९४६ मध्ये येथून गेला. येथवरची गोष्ट वर्तमानपत्रांतून अधूनमधून येत असते. फेरीने त्यापुढे जे सांगितले ते मला नवे होते. काउफमनची पहिली पत्नी गेर्टी ही प्रागचा लेखक फ्रान्झ काफ्का याची भाची होती, त्याच्या एली नावाच्या बहिणीची मुलगी. काफ्काला तीन बहिणी होत्या. एली आणि वाली यांना १९४१ मध्ये प्रागहून पोलंडमधील वूच येथील बंदिस्त वस्तीत धाडण्यात आले आणि त्या परत आल्या नाहीत. धाकटी ओट्ला ऑक्टोबर १९४३ मध्ये टेरेझिनच्या नाझी छावणीतून पोलंडमधील बियालिस्टोकच्या अनाथ मुलांना सोबत म्हणून स्वतःहून निघाली; ती गाडी ऑशविट्झच्या मृत्युछावणीला गेली. म्हणजे ज्या वर्षांत मुंबईतल्या घराघरांत ही धून सकाळ उजाडल्याचे सांगत होती, त्याच वर्षांत तिच्या कर्त्याच्या सासुरवाडीचे एकेक माणूस नाहीसे होत होते. त्या पायरीशी कोणी काही बोलले नाही. पदफेरी करून काय मिळते असे मला कोणी विचारले तर मी ही पाच मिनिटे सांगेन.

मात्र त्यानंतर लगेच, ‘रेडिओवरूनच आठवले’ असे म्हणत, आम्हांला रवांडाला नेले गेले, आणि येथे फेरी घसरली. ७ एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत तेथे आठ लाखांहून अधिक लोक, मुख्यतः तुत्सी जमातीचे, मारले गेले आणि एका खाजगी रेडिओ केंद्राने माणसांची नावे व पत्ते सांगून मारेकऱ्यांना वाट दाखवली, हे सर्व खरे आहे आणि सांगितलेच पाहिजे. परंतु केवळ रेडिओ हा दुवा धरून सहा मिनिटांत ते सांगणे म्हणजे त्या लोकांना दुसऱ्याच्या गोष्टीचे शेपूट करणे होय. रवांडात हयात असलेल्यांनी काय केले हे सांगितले असते तर गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहिली असती : गवतावर बसून चालवलेली गचाचा न्यायालये, जिथे शेजाऱ्याला शेजाऱ्यासमोर उभे राहून कबुली द्यावी लागली आणि २०१२ पर्यंत जवळजवळ वीस लाख प्रकरणे ऐकली गेली; किंवा किगाली येथील गिसोझीचे स्मारक, जिथे अडीच लाख माणसांचे अवशेष विसावले आहेत. वेळ नसेल तर हा भाग गाळावा आणि एप्रिलमध्ये त्याची स्वतंत्र फेरी काढावी, असे मी त्यांना कळवले आहे.

काळ्या घोड्याच्या परिसरात चित्रकारांची कथा येते. व्हिएन्नाहून ज्यू पत्नीसह आलेला वॉल्टर लँगहॅमर, जर्मनीहून १९३३ मध्ये आलेला कलासमीक्षक रूडी फॉन लायडन आणि औषधनिर्मितीचा व्यवसाय उभारणारा संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर या तिघांनी रझा, आरा, हुसेन आदी तरुण चित्रकारांना आधार दिला, हे कलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. ही माहिती खरी आहे, तरीही या थांब्यावर पंचवीस मिनिटे जावीत हे मला पटले नाही, आणि लेमकिनसाठीची दहा मिनिटे येथून निघू शकतात असे मला वाटते. मिनिटांपेक्षाही माझा आक्षेप रोखाला आहे. या भागात निर्वासितांची नावे हळूहळू मागे पडतात आणि हुसेन, रझा यांच्या चित्रांच्या किमती पुढे येतात. तुकडीतल्या एका बाईंनी ‘म्हणजे ते आले म्हणून आपला फायदाच झाला’ असे उद्गार काढले आणि मार्गदर्शिकेने मान डोलावली. बाईंचा हेतू वाईट नव्हता. परंतु ज्याला आश्रय दिला त्याने आपल्याला काय दिले, या तराजूत त्याचा सन्मान तोलायचा झाला, तर ज्याने काहीच दिले नाही त्याचे काय करायचे? मुंबईत उतरलेल्यांमध्ये दंतवैद्य, कारकून, शिवणकाम करणाऱ्या बायका आणि काहीच न जमलेली म्हातारी माणसेही होती. त्यांनी आपल्या शहराला संकेतधून दिली नाही आणि चित्रकार घडवले नाहीत. ती जगली, एवढेच त्यांनी केले, आणि ते पुरेसे आहे.

याच तराजूला छेद देण्याचे काम त्या कार्डांनी केले. माझ्या कार्डावर लिहिले होते : फ्रीडल डिकर-ब्रँडाइस, जन्म १८९८, व्हिएन्ना, चित्रकार व शिक्षिका. भाचीच्या कार्डावर होते : हिल्डे होल्गर, जन्म १९०५, व्हिएन्ना, नर्तकी. एकाच शहरातल्या, सात वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या, कलेवर पोट असलेल्या या दोन स्त्रिया तीन तास आमच्या हातांत शेजारी शेजारी चालत होत्या. शेवटी चिकटपट्टी काढली तेव्हा कळले की भाचीची हिल्डे १९३९ मध्ये मुंबईत पोहोचली, येथे अदी बोमन-बेहराम या पारशी डॉक्टरशी तिने लग्न केले आणि १९४१ मध्ये नृत्यशाळा काढली. १९४८ मध्ये ती लंडनला गेली, तेथे जन्मलेल्या आपल्या मतिमंद मुलाच्या निमित्ताने अशा मुलांना नृत्यातून फुलवण्याची पद्धत तिने घडवली, आणि २००१ पर्यंत ती जगली. तिची आई, सावत्र वडील आणि आणखी चौदा नातलग मात्र मारले गेले. कार्डावर हे शेवटचे वाक्य पहिल्या वाक्यांच्याच आकाराच्या अक्षरांत छापलेले आहे, आणि मुंबईतली शाळा हा त्या आयुष्यातला एक टप्पा म्हणूनच येतो, आपल्या शहराचे कौतुक म्हणून येत नाही.

माझी फ्रीडल व्हिएन्नाहून प्रागला गेली. पॅलेस्टाइनला जाण्याची संधी तिला मिळाली होती, पण पतीला ती नव्हती म्हणून तिने नाकारली. डिसेंबर १९४२ मध्ये तिला टेरेझिनच्या छावणीत नेण्यात आले, आणि नेता येणाऱ्या मोजक्या वजनाच्या सामानात तिने चित्रकलेचे साहित्य भरले. छावणीतल्या मुलांना तिने चित्रे काढायला शिकवले आणि प्रत्येकाला चित्रावर स्वतःचे नाव घालायला लावले. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला नेले जाण्यापूर्वी तिने सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसांत भरून लपवली. ती चित्रे आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांतील बहुतेक मुले वाचली नाहीत, तीही वाचली नाही. तिचा पती पावेल वाचला. एका शिक्षिकेच्या हाती दुसऱ्या शिक्षिकेचे कार्ड यावे हा योगायोग असेल. मुलांनी कागदावर नाव घालावे म्हणून मीही आयुष्यभर ओरडत आले होते, पण गुण कोणाला द्यायचे हे कळावे एवढ्यासाठीच.

ही कार्डे उघडण्यात आली ती काळ्या घोड्याच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये. १८८४ साली ससून घराण्याने बांधलेली ही वास्तू २०१९ मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुली झाली. फिकट निळ्या-पांढऱ्या भिंती आणि रंगीत काचांतून पडणारा उजेड यांबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रवेशाला ओळखपत्र लागते. दाराशी तपासणी होते आणि २००८ नंतर ती का होते हे कोणाला सांगावे लागत नाही. आमच्यातील दोघांकडे ओळखपत्र नव्हते, त्यांना बाहेरच थांबावे लागले. नावनोंदणीच्या संदेशात ही सूचना अगदी तळाशी होती. ती सर्वांत वर हवी.

आत आमची गाठ बेने इस्राएली समाजातील एका आजींशी घालून देण्यात आली. बेने इस्राएली म्हणजे कोकणातले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले आपले मराठी ज्यू. सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणणारे, आणि मस्जिद बंदर स्थानकाला ज्यांच्या मांडवीतल्या १७९६ च्या जुन्या मशिदीवरून नाव मिळाल्याचे सांगतात ते लोक. आजी शुद्ध रायगडी वळणाच्या मराठीत बोलत होत्या. ‘आमच्या समाजाला या देशात कोणी हात लावला नाही, म्हणून आमच्यावर जबाबदारी जास्त,’ असे त्या म्हणाल्या. मेलेल्यांसाठी म्हणायच्या कद्दिश या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही, ती केवळ ईश्वराची स्तुती आहे, हे त्यांनी सांगितले. आणि मग ज्याने मी आतून हलले ते सांगितले. छावण्यांत मारल्या गेलेल्यांची मृत्यूची तिथी घरच्यांना ठाऊकच नसते, मग कद्दिश कोणत्या दिवशी म्हणायचे? त्यासाठी इस्राएलच्या धर्मपीठाने तेवेत महिन्याचा दहावा दिवस, जो उपवासाचा जुना दिवस आहे, अशा सर्वांसाठी नेमून दिला. ‘तुमची सर्वपित्री असते ना, तशी,’ आजी म्हणाल्या. तिथी माहीत नसलेल्यांसाठी राखून ठेवलेली अमावास्या आमच्या घरात माझ्या आजोबांपासून पाळली जाते. आजोबांचा एक भाऊ प्लेगच्या साथीत घरातून गेला तो परतला नाही, त्याच्यासाठी. साथीत गेलेला माणूस आणि ठरवून मारलेला माणूस यांत फरक आहे, तो मी विसरत नाही. पण तिथी नसण्याचे दुःख मला त्या क्षणी परके राहिले नाही.

त्यानंतर अठरा जणांनी एकेक करून आपल्या कार्डावरचे नाव मोठ्याने वाचले. वाचताना आम्ही अडखळलो. परक्या नावांतली व्यंजने मराठी जिभेवर नीट बसत नव्हती, कोणी दोनदा तर कोणी तीनदा प्रयत्न केला, आणि कोणी घाई केली नाही. एका मुलाकडे यानुश कोर्चाक यांचे कार्ड होते : वॉर्साच्या बंदिस्त वस्तीतील अनाथालयाचे चालक, ज्यांनी जुलै १९४२ मध्ये मुलांकडून रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ नाटक बसवून घेतले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्याच सुमारे दोनशे मुलांबरोबर त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला गेले, सुटकेचे देऊ केलेले मार्ग नाकारून. तो मुलगा नाव वाचून खाली बसला तेव्हा त्याने कार्ड दोन्ही हातांनी धरले होते. सोडत काढल्यासारखे वाटेल ही माझी भीती येथे संपली. आकडा ऐकताना माणूस ऐकणाराच राहतो, नाव उच्चारताना त्याला थोडे कष्ट पडतात, आणि या फेरीने ते कष्ट आम्हांला करू दिले.

आता गंभीर दोष. घरी येऊन माहितीपत्रक वाचताना दुसऱ्या पानावर मला नाझींनी मारलेल्यांच्या संख्येच्या जागी ‘सहा लाख ज्यू’ असे छापलेले आढळले. मूळ इंग्रजी मजकुरातील सहा दशलक्षाचे मराठीत येताना सहा लाख झाले होते. साठ लाखांतील चोपन्न लाख माणसे एका अनुवादात गळाली होती. अशी चूक दुसऱ्या कोणत्याही विषयावरील पत्रकात मी हसून सोडून दिली असती. येथे ती सोडता येत नाही, कारण साठ लाख हा आकडा नाकारणारे लोक जगात आहेत आणि एखाद्या प्रामाणिक संस्थेचे मराठी पत्रक त्यांच्या हाती लागणे धोक्याचे आहे. मी त्याच रात्री पत्र लिहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले, क्षमा मागितलेली होती, उरलेल्या प्रती बाद केल्याचे कळवले होते, आणि अठराही जणांना दुरुस्ती पाठवली गेली होती. मराठी मजकूर आधी इंग्रजीत लिहून मग घाईने उलथा करण्याची पद्धत त्यांनी थांबवावी, एवढेच मी पुन्हा म्हणेन. त्या मार्गदर्शिकेची बोलण्याची मराठी तिच्या पत्रकाच्या मराठीपेक्षा कितीतरी चांगली आहे.

दुसरा दोष वगळण्याचा आहे. संपूर्ण फेरीत रोमा लोकांचा उल्लेख नाही. नाझींनी ज्यूंप्रमाणेच वंशाच्या नावाखाली ज्यांना संपवायला काढले, २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झमधील ज्यांची छावणी एका फटक्यात रिकामी करून उरलेल्या हजारो बायका-मुलांना व वृद्धांना मारले गेले, आणि ज्यांच्या संहाराला वंशसंहार म्हणायला पश्चिम जर्मनीच्या सरकारला १९८२ उजाडावे लागले, ते हे लोक. त्यांचे पूर्वज आपल्याच भूमीतून शेकडो वर्षांपूर्वी पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’, माणसाला ‘मनुष’, कानाला ‘कान’ आणि नाकाला ‘नाख’ म्हणतात. मराठीतून काढलेल्या फेरीत आर्मेनिया आणि रवांडा येतात आणि ज्यांचे शब्द आपल्या तोंडात आहेत ते येत नाहीत, याचे मला फार वाईट वाटले. बर्लिनमध्ये त्यांचे स्मारकही २०१२ साली, ज्यूंच्या स्मारकानंतर उभे राहिले. निदान मुंबईत तरी त्यांना शेवटी उभे करू नये.

किरकोळ बाबी : अंतर सुमारे दोन किलोमीटर आहे आणि चढ नाही, परंतु साडेतीन तासांत बसायला एकदाच, सिनेगॉगमध्येच मिळते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी घडीचे आसन न्यावे. पाणी आपले आपण न्यायचे असते. फोटोंबाबत सुरुवातीलाच स्पष्ट सूचना द्यावी. बाहेरच्या भिंतीपुढे दोघांनी हसऱ्या मुद्रेने स्वतःचे फोटो काढले आणि त्यांना कोणी थांबवले नाही. बारा वर्षांखालील मुलांना आणू नये असे गट सुचवतो आणि ते योग्य आहे.

कार्डे शेवटी परत द्यायची असतात, कारण ती थोडीच छापली आहेत. भाचीने हिल्डेचे कार्ड देण्यापूर्वी दोन्ही बाजू वहीत उतरवून घेतल्या, मी फ्रीडलच्या. पुढची मराठी फेरी २४ एप्रिलच्या आसपास, आर्मेनियन चर्चपासून सुरू होऊन उलट दिशेने निघणार आहे. आम्ही दोघींनी नावे नोंदवली आहेत, आणि त्या तुकडीच्या कार्डांत रोमांची तीन नावे असतील, असे मार्गदर्शिकेने कळवले आहे.